मुरलेला मफुलेटा

ह्यूस्टनहून न्यू ऑर्लीन्स गाडीने साडेपाच-सहा तासांवर. भारतातून कुणी पाहुणे आले की आमची ही चक्कर ठरलेली. पाहुण्यांना फ्रेंच क्वार्टर बघायचं असतं, माझा डोळा मात्र डेकेटर स्ट्रीटवरच्या सेंट्रल ग्रोसरीवर असतो. साल्वातोरे लुपो या सिसिलियन माणसाने १९०६ साली काढलेलं हे किराणा दुकान मफुलेटा नावाच्या सँडविचसाठी ओळखलं जातं. दहा इंच व्यासाचा, वरून तीळ लावलेला गोल चपटा पाव. आत हॅम, सलामी, मोर्तादेला, दोन तऱ्हांचं चीज आणि तेलात मुरलेलं ऑलिव्हचं सॅलड. अख्खा घेतला तर चौघांचं जेवण होतं. २०२१च्या ऑगस्टमध्ये आयडा चक्रीवादळात त्या इमारतीचं नुकसान झालं आणि दुकान बराच काळ बंद राहिलं. तेव्हा मनात आलं, हा प्रकार घरी का करू नये?

करायला घेण्याआधी मी त्याचा इतिहास वाचला, आणि करताना तो उपयोगीही पडला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पालेर्मोहून लिंबं घेऊन येणाऱ्या बोटींतून सिसिलियन माणसं मोठ्या संख्येने न्यू ऑर्लीन्सच्या बंदरात उतरली. गुलामगिरी संपली होती आणि लुइझियानाच्या उसाच्या मळ्यांना मजूर हवे होते. फ्रेंच क्वार्टरचा एक भाग तर लिटल पालेर्मो म्हणूनच ओळखला जायचा. शहराने त्यांना प्रेमाने जवळ घेतलं असं मुळीच नाही. १८९१ साली जमावाने तुरुंगात घुसून अकरा इटालियनांचे बळी घेतले. तरीही ही माणसं टिकली, भाजी-फळांच्या व्यापारात शिरली, दुकानं काढून बसली. लुपोंची मुलगी मारी लुपो टुसा यांनी सांगितलेली हकिकत अशी : जवळच्या बाजारात माल विकायला येणारे शेतकरी दुपारी दुकानात येत, थोडी सलामी, थोडं हॅम, चीज, ऑलिव्हचं सॅलड आणि पाव असं सगळं सुटं सुटं घेत आणि खोक्यांवर बसून मांडीवर तोल सांभाळत खात. लुपोंनी पाव आडवा कापून सगळं त्यातच भरायला सुरुवात केली. हे श्रेय नक्की कुणाचं यावर वाद आहेत, ते असोत. मला त्यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटली. हे जिन्नस सुटे असताना पाव कोरडाच राहत असणार. एकत्र आल्यावर सॅलडचं तेल पावात उतरलं, आणि खरा पदार्थ तिथे जन्मला.

म्हणून सुरुवात सॅलडपासून, तीही आदल्या दिवशी. हिरवी ऑलिव्हं दोन वाट्या घेतली तर काळी एक वाटी. सोबत जार्दिनिएरा, म्हणजे व्हिनेगरमध्ये मुरवलेले फ्लॉवर, गाजर आणि सेलरीचे तुकडे. शिवाय केपर्स, लसूण, ओरेगानो, थोडं रेड वाइन व्हिनेगर आणि हात न आखडता ऑलिव्ह तेल. वरून मीठ अजिबात घालायचं नाही. ऑलिव्हं आणि केपर्स ते घेऊनच येतात. फूड प्रोसेसर मी कपाटातून काढतच नाही, कारण त्यात क्षणात चटणी होते. सुरीने हरभऱ्याएवढे तुकडे केले की प्रत्येक घासात ऑलिव्ह वेगळं लागतं आणि फ्लॉवर वेगळा कुरकुरतो.

चिरण्याआधी सगळं चाळणीत निथळत ठेवायचं आणि मग स्वच्छ पंच्यात बांधून पिळायचं. या पिळण्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. पाणी राहिलं तर पाव तेलाआधी ते पाणी पितो आणि त्याचा लगदा होतो. पिळलेल्या तुकड्यांवर तेल ओतलं की पहिल्या तासात ते वर तरंगत राहतं. दुसऱ्या दिवशी त्याला लसणाचा वास आणि हिरवट रंग आलेला असतो. बरणी पाहिली की आपला हात ती ओट्यावर ठेवायला जातो, पण इथे फ्रिजच हवा. तेलात बुडालेल्या कच्च्या लसणाला हवा लागत नाही, आणि अशा जागी बोट्युलिझमचे जिवाणू वाढू शकतात. फ्रिजमध्ये तेल पांढरट होऊन थिजतं, पण अर्धा तास बाहेर ठेवलं की पुन्हा सुटतं.

आमच्या भागात हा पाव मिळत नाही, तेव्हा तोही घरीच. ५०० ग्रॅम ब्रेडचं पीठ, ३०० मिलिलिटर कोमट पाणी, १० ग्रॅम मीठ, ७ ग्रॅम कोरडं यीस्ट आणि दोन मोठे चमचे ऑलिव्ह तेल. मळून दुप्पट फुगू द्यायचं, गोळा हाताने थापून चपटा करायचा, पुन्हा फुगू द्यायचा. वर पाण्याचा हात फिरवून भरपूर पांढरे तीळ दाबायचे आणि २२० अंश सेल्सियसवर साधारण २५ मिनिटं भाजायचा. तळावर टिचकी मारली की पोकळ आवाज यायला हवा. जाळी मोठी पडलेला पाव इथे कामाचा नाही. तेल त्या भोकांतून सरळ खाली उतरतं. जाळी बारीक हवी आणि पाव पूर्ण गार झाल्यावरच कापायला हवा.

मांस मी डेलीच्या काउंटरवर कापून घेते. नंबराचं चिठोरं घेऊन रांगेत उभं राहायचं. आपला नंबर आला की मशीनमागचा माणूस पहिला काप कागदावर धरून दाखवतो : एवढा पातळ चालेल? मोर्तादेला मूळची बोलोन्याची. गुलाबी कापात चरबीचे पांढरे चौकोन दिसतात, मधूनच एखादा पिस्ता. हॅम, सलामी, मोर्तादेला प्रत्येकी पाव पौंड, म्हणजे ११० ग्रॅमच्या जरा वर. प्रोव्होलोन आणि स्विस चीज त्याहून थोडं कमी. काप पातळच हवेत. जाड काप दाताने तुटत नाही, पहिल्या घासालाच अख्खा बाहेर ओढला जातो.

पाव आडवा कापून दोन्ही बाजूंना आधी नुसतं तेल चोपडायचं, मग सॅलड. त्यावर मांस, चीज, आणि वरच्या झाकणालाही सॅलड. कागदात घट्ट गुंडाळून वर बिडाचा तवा ठेवायचा. अर्ध्या तासाने पुडकं उलटं करून पुन्हा तवा. त्या वेळी सासूबाई आमच्याकडे आल्या होत्या. त्या रत्नागिरीच्या. तवा पाहून म्हणाल्या, "हे तर आपले दडपे पोहेच की गं." तासाभराने कागद सोडला तेव्हा पावाच्या कडेपासून बोटभर आतपर्यंत तेल चढलेलं होतं, वरचा तिळाचा थर मात्र कोरडा.

हा गरम खावा की गार, यावर न्यू ऑर्लीन्समध्ये दोन पंथ आहेत. सेंट्रल ग्रोसरीत तो गरम करत नाहीत, तर शार्ट्र स्ट्रीटवरच्या नेपोलियन हाउसमध्ये गरम मिळतो. मी एकाच मफुलेटाचे दोन तुकडे दोन्ही प्रकारांनी खाऊन पाहिले. गरम केल्यावर चीज वितळतं, मांसाचा वास पुढे येतो, पण सॅलडचा आंबट तिखटपणा मागे पडतो आणि मुरलेलं तेल ताटलीत उतरतं. मी गारवाल्यांच्या बाजूची.

गॅल्व्हेस्टनच्या किनाऱ्यावर इथल्या मराठी मंडळींची सहल होती, तेव्हा मी दोन मफुलेटा केले. एक नेहमीचा. दुसरा सासूबाईंसाठी आणि न खाणाऱ्यांसाठी, मांसाऐवजी भाजलेल्या वांग्याचे काप आणि आर्टिचोक घालून. वांगं सिसिलीच्या स्वयंपाकाला परकं नाही, त्यामुळे त्याचं सॅलडशी लगेच जमलं. दोन्ही बर्फाच्या पेटीतून नेले आणि तिथेच चार-चार तुकडे केले. वांग्याचा आधी संपला, आणि तो संपवण्यात सगळं खाणारेही पुढे होते.

त्यानंतर मी मांस निम्म्यावर आणलं आणि सॅलड वाढवलं. तक्रार कुणाची आली नाही. उरलेलं सॅलड सासूबाई दुसऱ्या दिवशी भाकरीबरोबर खात होत्या. आता कुणी कृती विचारली तर मी हॅम-सलामीची यादी सांगत बसत नाही. पिळायला पंचा आणि वर ठेवायला जड तवा घरात आहे ना, एवढं आधी विचारून घेते.