परळचा बंगला आणि आमचा चौथीचा वर्ग



आमच्या भिवंडीत २०२२ च्या अखेरीस गोवराची साथ आली होती, आठवतंय ना? लसीकरणासाठी आशाताई घरोघरी फिरत होत्या. माझ्या चौथीतल्या एका मुलीच्या धाकट्या भावाला मात्र डोस मिळाला नव्हता. "आई नको म्हणते," एवढंच ती सांगायची.

त्या आठवड्यात मी वर्गात परळच्या बंगल्याचं चित्र दाखवलं. परळ तेव्हा मुंबई शहराबाहेरचं गाव होतं. पोर्तुगीजांच्या काळात तिथे ख्रिस्ती मठ होता. इंग्रजांनी तो घेतला, वाढवला. १७७१ मध्ये गव्हर्नर हॉर्नबी तिथे राहायला गेले. तेव्हा इंग्लंडवर तिसरे जॉर्ज राज्य करत होते. मोठी दालनं, भोवती बाग, तलाव, गडीमाणसं असा सगळा थाट!

मग १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. डॉ. हाफकिन यांनी भायखळ्याला ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली. १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या या बंगल्यात आली. जिथे मेजवान्या झडायच्या, तिथे प्लेगची लस तयार होऊ लागली. १९२५ पासून ती हाफकिन संस्था म्हणून ओळखली जाते.

"बाई, त्यांनी लस पहिल्यांदा कोणाला टोचली?" एकाने विचारलं.

"स्वतःला. १० जानेवारी १८९७ रोजी."

वर्ग एकदम गप्प!

दुसऱ्या दिवशी त्या मुलीची आई शाळेत आली. म्हणाली, "बाई, पोरीने रात्री सगळं सांगितलं. पण सुईनंतर पोराला ताप येतो. मी घरी बसले तर त्या दिवसाची मजुरी जाते."

खरं सांगते, मला लाज वाटली. मी मनात त्यांना अडाणी ठरवून मोकळी झाले होते. एकदाही नीट विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "ताई, सुट्टीच्या आदल्या दिवशी डोस घेऊ या." आशाताईंशी बोलून शनिवार ठरवला. बाळाला ताप आला, पण सोमवारी ताई कामावर होत्या.

तुम्हीही वर्गात एखादी जुनी वास्तू दाखवून बघा. ती कोणी बांधली हे सांगाच, पण पुढे ती कोणाच्या उपयोगी पडली हेही मुलांना शोधू द्या. आणि पालक 'नको' म्हणाले, तर आधी कारण विचारा. मी उशिरा विचारलं.