पावसाळ्यानंतरची भिंत

नवरात्र जवळ आलं की आमच्या कोकणातल्या घराची उत्तरेकडची भिंत डोळ्यांत खुपू लागते. काळंहिरवं, जाड शेवाळ. रंगारी म्हणाला, "ब्लीचिंग पावडर मारू, चकाचक होईल." भिंतीलगतच्या अबोलीची पानं त्यानं करपतील, हे त्याच्या गावीही नाही! म्हणून आज ऊन चढायच्या आत आधी झाडं आणि माती पाण्यानं चिंब केली. भिजलेली माती रसायन कमी पिते. पानांवर जुनी ओली लुगडी टाकली. प्लास्टिक नको, त्याखाली झाडं उन्हात उकडतात. ब्लीच बेताचंच, शेवटी पुन्हा भरपूर पाणी. (ॲसिड ब्लीचजवळ आणूच नये, विषारी वायू होतो.) खरं सांगू? बरंचसं शेवाळ नुसत्या घासण्यानंच गेलं. तेव्हा आधी ब्रश घ्या, पावडरचा डबा नंतर उघडा.