स्वखुशीने

गेल्या आठ मार्चला आमच्या कॉलनीतल्या महिला मंडळाने मला ‘मला घडवणारे चित्रपट’ या विषयावर बोलायला लावलं. मी ‘उंबरठा’वर वीस मिनिटं बोलले. स्मिता पाटील, बाईची स्वतःची ओळख, घराबाहेर टाकलेलं पाऊल, सगळं व्यवस्थित आलं. टाळ्या पडल्या. तुळशीचं रोप आणि स्टीलचा एक डबा मिळाला. घरी येऊन डबा ओट्यावर ठेवला आणि वाटलं, आज आपण चांगलंच खोटं बोलून आलो.

‘उंबरठा’ने मला बळ दिलं, असं मी तिथे सांगितलं होतं. खरं म्हणजे त्या सिनेमाने मला घाबरवलं होतं.

पहिल्यांदा पाहिला तो १९८२ साली, कोल्हापूरला. मी एम.कॉम.ला होते, हॉस्टेलच्या सहाजणी मिळून गेलो होतो. गोष्ट तुम्हाला माहीत असेलच. शांता निसळांच्या ‘बेघर’ कादंबरीवर तेंडुलकरांनी लिहिलेली पटकथा आणि जब्बार पटेलांचं दिग्दर्शन. सुलभा महाजन वकील नवरा, प्रतिष्ठित सासर आणि लहान मुलगी मागे ठेवून महिलाश्रमाची अधीक्षक म्हणून परगावी जाते. तिथे कार्यकारिणीशी झगडते, राजीनामा देते, परत येते. तोवर नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई आलेली असते आणि तो ते तोंडावर सांगतो. ती पुन्हा बाहेर पडते. आम्ही थिएटरातून निघालो त्या तावातावातच. रंकाळ्यावर भेळ खाता खाता सहाहीजणींनी शपथा घेतल्या, की आपण असं कोणाचं ऐकून घ्यायचं नाही. त्यातल्या चौघींची लग्नं दोन वर्षांत झाली. माझं धरून.

१९८३ ला एका सरकारी बँकेत क्लार्क म्हणून लागले, पुढच्या वर्षी लग्न होऊन साताऱ्याला आले, १९८५ ला मुलगी झाली. डिसेंबर १९८६ मध्ये सुलभा झालेली स्मिता पाटील गेली, एकतीस वर्षांची, बाळंतपणानंतर पंधरवड्यात. त्या दिवशी काउंटरवर बसून नोटा मोजताना मी दोनदा चुकले होते.

आता १९८८. ऑफिसर पदाची परीक्षा मी पास झाले. आमच्या शाखेतून आम्ही दोघंच, मी आणि एक सहकारी. मुलाखत झाली, यादीत नाव आलं आणि पोस्टिंग आलं भंडाऱ्याला. साताऱ्याहून भंडारा म्हणजे महाराष्ट्राच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे. मुलगी तीन वर्षांची.

मॅनेजर साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. स्वभावाने ते वाईट नव्हते, हे आधीच सांगते. त्यांनी चहा मागवला आणि म्हणाले, “मॅडम, तुम्ही नकार देणार, हे धरूनच चालतो मी. मसुदा काढून ठेवलाय, तेवढा टाइप करून सही करा.”

मी होय म्हटलं नव्हतं, नाही म्हटलं नव्हतं. मला कोणी विचारलंच नव्हतं. कागद मात्र तयार होता. इंग्रजीत चार ओळी. घरगुती अडचणींमुळे मी ही बढती स्वखुशीने नाकारत आहे, मजवर कोणताही दबाव नाही. मी म्हटलं, “साहेब, अडचण लिहिली तर स्वखुशी कशी? दोन्ही एकदम कसं बसेल?” ते हसले. “घालावं लागतं हो. स्वखुशीने नसेल तर हेड ऑफिस कागद परत पाठवतं.”

माझाच नकार मीच रेमिंग्टनवर टाइप केला, कार्बन लावून. टायपिंगची चूक एकही नाही. ‘डोमेस्टिक’ हा शब्द टाइप करताना डोक्यात सारखं येत होतं, की सोबतच्या सहकाऱ्यालाही दोन मुलं आहेत, आई आजारी आहे. त्याच्यासाठी मसुदा का नाही काढला? त्याला साहेबांनी विचारलं होतं, “भंडाऱ्याला बॅचलरसारखी खोली बघायची की क्वार्टर मिळेपर्यंत लॉजवर राहणार?” मी तिथेच उभी होते, टेबलाच्या या बाजूला. त्याच्या घराच्या अडचणीला लॉज, माझ्या अडचणीला मसुदा. एकदा नकार दिला की काही वर्षं पुन्हा परीक्षेला बसता येत नसे आणि तोवर मुलगी शाळेत, सासऱ्यांना पक्षाघात, मग कोण बसतंय परीक्षेला. १९९२ साली ह्यांची बदली रत्नागिरीला झाली. तीन वर्षं हे तिकडे होते. कोणी एक कागद लिहून मागितला नाही. मीच शेव-चिवड्याचे डबे भरून स्टँडवर सोडायला गेले होते.

इथवर मी हे अनेकांना सांगितलंय. भाचीच्या लग्नातसुद्धा सांगितलंय. सांगून सांगून गोष्ट घोटीव झाली आहे. मंडळात सांगितली नाही ती यापुढची.

त्या दिवशी साहेबांनी मसुदा पुढे केला तो दुपारी, आणि सही मी केली दुसऱ्या दिवशी. मधली रात्र माझ्या हातात होती. घरी सांगितलं. ह्यांनी पेपरातून डोकं वर केलं आणि म्हणाले, “तू ठरव.” ह्या दोन शब्दांवर मी पुढे वर्षानुवर्षं चिडले, पण ते नाही म्हणाले नव्हते. आणि सासूबाई, ज्यांना मी आयुष्यभर जुन्या वळणाच्या म्हणत आले, त्या भाकरी थापता थापता म्हणाल्या, “जा की. पोरगी काय तुझ्याबिगर उपाशी ऱ्हाणार हाय व्हय? मी हाय न्हवं.”

आणि नेमकं त्यानेच मी हादरले. ‘मी हाय न्हवं.’ डोळ्यांसमोर आली ती सुलभाची राणी. आईशिवाय वाढलेली, सुलभाच्या जावेला बिलगलेली. मला दिसलं, मी भंडाऱ्याहून सुट्टीला आलेय आणि माझी पोर सासूबाईंच्या पदरामागे लपून माझ्याकडे परक्या बाईसारखी बघतेय. रात्रभर दुसरं काही सुचलं नाही. सकाळी जाऊन सही केली. म्हणजे स्वखुशीनेच की! ज्या सिनेमावर रंकाळ्याच्या काठी शपथा घेतल्या, त्याच सिनेमाने मला घरी बसवलं.

सिनेमाने दृष्टी दिली, धैर्य दिलं, असं सगळेच लिहितात, बोलतात. ‘श्वास’ने मला आजारी माणसाशी कसं बोलावं हे शिकवलं, ते कबूल. ‘सामना’ पाहून बाबा आठवडाभर गप्प होते. पण सिनेमा आपल्यात काय टाकून जाईल ते दिग्दर्शकाच्या हातात नसतं आणि आपल्याही नसतं. असं मी बरीच वर्षं म्हणत आले. आता तेही तितकंसं पटत नाही.

कारण २०२० साली, निवृत्त होऊन घरातच अडकलेली असताना, मुलीबरोबर ‘उंबरठा’ पुन्हा पाहिला. ती तेव्हा पस्तीस वर्षांची, स्वतः दर महिन्याला आठ दिवस बंगळूरला असायची. अर्ध्यात आल्यावर म्हणाली, “आई, तू तर म्हणायचीस हा आई-मुलीचा सिनेमा आहे. हा सगळा ऑफिसचाच आहे.”

खरंच होतं. सिनेमाचा मोठा भाग आश्रमात घडतो. तिथला भोंगळ कारभार, कार्यकारिणीची टाळाटाळ, लोकप्रतिनिधीचे उद्योग, बायकांची भांडणं, सुलभाची करडी शिस्त, तिच्या चुकासुद्धा. ती सगळीकडे बरोबर नाही, कधी कधी फार कडक आहे आणि ते सिनेमा लपवत नाही. सदतीस वर्षं बँकेत काम केलेल्या मला, हिशेब नि रजिस्टरं पोटच्या पोरांसारखी माहीत असलेल्या मला, यातलं काहीही आठवत नव्हतं. मी तिचं काम कधी बघितलंच नव्हतं. घर सोडलेली बाई तेवढी बघितली होती. आणि भंडाऱ्याचा विचार करतानाही तिथे जाऊन करायचं काय, शाखा कशी असेल, आपल्याला जमेल का, हे एकदाही मनात आलं नव्हतं.

मुलीला त्या रात्रीची गोष्ट सांगितली. मला वाटलं, तिला भरून येईल. ती म्हणाली, “मला आजी आवडायचीच. तू गेली असतीस तरी चाललं असतं.” दोन दिवस मी तिच्याशी नीट बोलले नाही.

बँकेत नव्याने लागणाऱ्या मुली भेटतात तेव्हा मी एवढंच सांगते, की कोणी मसुदा पुढे केला तर तो घरी घेऊन या, आणि जिथे जायचंय तिथल्या शाखेला आधी फोन करून काम काय आहे ते विचारा. पोराबाळांचं नंतर बघू. यावर काही जणी नाक मुरडतात.

कार्बन कॉपी अजून माझ्याकडे आहे, पेन्शनच्या फायलीत. माझ्याबरोबर पास झालेले ते सहकारी २०१८ साली असिस्टंट जनरल मॅनेजर म्हणून निवृत्त झाले. मी २०२० साली, स्पेशल असिस्टंट म्हणून.