व्रताचं माप

आम्हा जैनांत व्रतं पाचच: अहिंसा, सत्य, अचौर्य, ब्रह्मचर्य आणि अपरिग्रह. मुनी पाळतात ती हीच, घरातली बाई पाळते तीही हीच. फरक मापाचा. मुनींची ती महाव्रतं, आम्हा श्रावकांची अणुव्रतं. चूल पेटवणाऱ्या, शेत नांगरणाऱ्या माणसाला मुनींचं माप लावलं तर संसार थांबेल. मुनींना आमचं माप लावलं तर दीक्षेला अर्थ उरणार नाही. बेळगावच्या पाठशाळेत हे घोकलं होतं. नीट कळलं ते मात्र सॉफ्टवेअरच्या नोकरीत.

मी टेस्टिंग करते. आमच्याकडे कायमचा वाद एकच: प्रोग्राममध्ये बदल करायचा तर तो किती जणांनी बघायचा, परवानगी कुणी द्यायची? तरुण मुलं म्हणतात, ‘मॅडम, कागदच रंगवत बसलो तर काम कधी करायचं?’ वरचे म्हणतात, ‘सही झाल्याशिवाय काही हलवू नका.’ दोघांचंही थोडं थोडं खरं आहे.

नियम नसला की काय होतं, ते अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर दलालीच्या कंपनीने भोगलं. नवा प्रोग्राम आठ सर्व्हरवर चढवायचा होता. सातांवर चढला, एकावर राहून गेला. तिथे 2003 पासून न वापरलेला जुना कोड तसाच पडून होता. 1 ऑगस्ट 2012 ला बाजार उघडला आणि तो जागा झाला. पाऊण तासात चाळीस लाखांवर सौदे, आणि नुकसान 46 कोटी डॉलरच्या वर! चौकशीत निघालं काय? चढवलेलं काम दुसऱ्या कुणी एकदा बघावं, असा लेखी नियमच नव्हता. बाजार उघडण्याआधी यंत्रणेने 97 ईमेल पाठवले होते, पण ते इशारा म्हणून वाचायची पद्धतच नव्हती.

असलं काही ऐकलं की साहेबलोक घाबरतात आणि नियमांचा डोंगर रचतात. मी पूर्वी एका कंपनीत होते. तिथे बटणावरचं एक अक्षर दुरुस्त करायलाही मंगळवारच्या समितीपुढे जावं लागे. समितीतल्या एकानेही तो कोड उघडून पाहिलेला नसायचा. मुलं मग काय करायची? दहा बदल साठवायची आणि एकाच अर्जात घालायची. धोका होता त्याहून वाढला, वर सह्या तेवढ्या आल्या. निकोल फोर्सग्रेन, जेझ हंबल आणि जीन किम यांच्या 2018 च्या ‘ॲक्सिलरेट’ या पुस्तकातही हेच निघालं: बाहेरच्या समितीच्या मंजुरीने काम मंदावतं, बिघाड काही कमी होत नाहीत. त्यांचा उपाय साधा. टीममधल्याच दुसऱ्याने कोड वाचायचा आणि प्रत्येक बदल यंत्राच्या तपासणीतून जाऊ द्यायचा.

पाणी गाळायचं फडकं विरळ असलं तर जीव खाली उतरतात. म्हणून कुणी हंड्याला ताडपत्री बांधत नाही. घर तहानलेलं राहील.

सध्याच्या टीममध्ये आम्ही प्रत्येक बदलाला दोनच प्रश्न विचारतो. चुकलं तर कुणाचं आणि किती बिघडेल? आणि लगेच मागे घेता येईल का? पडद्याचा रंग बदलायचा असेल तर शेजारच्याने एकदा वाचलं की पुरे. औषधाची मात्रा मोजणारा भाग असेल तर दोघांनी वाचायचं, लेखी नोंद करायची आणि डॉक्टरांनी होकार दिल्याशिवाय पुढे सरकायचं नाही. तिथे उशीर झाला तरी चालेल. अजिबात कुणी बघायचंच नाही, अशी सूट मात्र रंगालाही नाही. व्रत लहान असतं, पण ते असतंच.

आता नव्या मुलीसुद्धा बदल घेऊन आल्या की आधी विचारतात, ‘मॅडम, हे अणु की महा?’ बहुतेक वेळा उत्तर त्यांचं त्यांनाच ठाऊक असतं.