दम कोठे तुटतो?

पेण-रोह्याच्या गावांतून कबड्डी हा नुसता खेळ नव्हे. तरण्या पोरांची ती अब्रू आहे. गड्याचा गुडघा दुखावला, तर शस्त्रवैद्य तो नीट करून देतो. पण बरा झालेला तोच गडी चढाईस निघतो आणि मध्यरेषेपाशी अडखळतो. हे भय क्ष-किरणांच्या चित्रात उमटत नाही. आम्हांस तो इतकेच सांगतो, "सर, दम पुरत नाही."

यावर पुढचा प्रश्न कोणता विचारावा, ही समुपदेशकाची खरी विद्या. पदव्युत्तर वर्गात सिद्धान्त पढविता येतात. ही विद्या जाणत्याच्या देखरेखीखाली, माणसासमोर बसूनच येते. नाशिकचे कै. भीष्मराज बाम पोलीस खात्यातून या क्षेत्रात आले. योगाचा आधार घेऊन त्यांनी नेमबाज अंजली भागवत यांच्यासारख्या खेळाडूंस मार्गदर्शन केले. २०१७ साली ते निवर्तले. असे पुरुष भाग्याने लाभतात. तालुक्यास मात्र शिकवून तयार केलेला माणूस हवा. (मधुमेह जडलेल्या प्राध्यापकास रोज चालावयास लावणे, हेही त्याच विद्येत मोडते!) विद्यार्थ्याने एक हंगाम मैदानाच्या कडेला काढावा, आणि त्या गड्यास सावकाश विचारावे, "दम नेमका कोठे तुटतो?"