त्यागाचा हिशेब

आमच्या ब्राह्मणपुरीतही आता वस्तू हप्त्यांनी घरात येतात आणि ‘माझे’ या शब्दाचे वजन वाढत जाते. अशा वेळी आम्हांस रेव्हरंड ना. वा. टिळक आठवतात. १८९५ साली ते ख्रिस्ती झाले. १९१७ साली मिशनची पगारी नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ उभारला. परंतु ‘स्मृतिचित्रे’ वाचताना आम्ही थबकतो : पतीच्या औदार्याचा भार लक्ष्मीबाईंच्या संसारावर पडे. देणाऱ्यालाही देण्याची हौस असू शकते. मग स्वार्थ जिंकला कोणी? सोवळे पाळणाऱ्या लक्ष्मीबाईंनी जातिभेद आधी स्वतःच्या मनातून काढला, १९०० साली बाप्तिस्मा घेतला आणि परक्यांची पोरकी मुले घरात वाढवली. शेजाऱ्यावर प्रीती करण्याची ख्रिस्ताची आज्ञा आम्हांस त्या स्वयंपाकघरात अधिक स्पष्ट कळते.