शहागंज ते काळा चबुतरा

संभाजीनगरात, म्हणजे जुन्या औरंगाबादेत, शहागंजच्या घड्याळ मनोऱ्याशी रिक्षा सोडली की पुढे पायीच जावं लागतं. हातगाड्यांनी दुसरी सोय ठेवलेलीच नाही. गर्दीतून वर पाहिलं तर 1720 च्या सुमाराची मशीद, उंच जोत्यावर, तिन्ही अंगांनी दुकानं. इथला मोठा हौद सय्यद हुसेन अलीने बांधायला घेतला. उन्हाळ्यात शहराला त्याचाच आधार, असं खाफी खान लिहितो. फर्रुखसियर बादशहाला आंधळं करून मारणाऱ्या सय्यद बंधूंतलाच हा एक!

पुढे हे शहर निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. सप्टेंबर 1948 मध्ये भारतीय फौज इथे शिरली. निजामधार्जिण्या रझाकारांचा जाच संपला, मराठवाडा सुटला. रणगाडे होते, विमानं होती. तरी दिल्लीच्या लेखी ही ‘पोलीस अ‍ॅक्शन’, घरचा मामला. निजामाची तक्रार 16 सप्टेंबरला पॅरिसमध्ये सुरक्षा परिषदेपुढे आली. दुसऱ्याच दिवशी त्याने हार मानली. पुढे पंडित सुंदरलाल समितीने संस्थानात फिरून अंदाज दिला: कारवाईच्या काळात आणि नंतर किमान 27 ते 40 हजार माणसं मारली गेली, बहुतेक मुसलमान. आधीच्या रझाकारी अत्याचारांचा हा सूड होता, हेही खरं. पण सूड म्हटल्याने खून माफ होत नाही. तो अहवाल कित्येक दशकं दप्तरातच राहिला. मुक्तिदिनाच्या भाषणांत तो मी कधी ऐकला नाही.

गुलमंडी, पैठण गेट करत क्रांती चौक गाठला. हाच जुना काळा चबुतरा, इथल्या बंडाची आठवण. 1857 च्या जूनमध्ये इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या हैदराबाद कंटिन्जंटच्या घोडदळाने बंड केलं, तेव्हा पुण्याहून इंग्रजांचा जनरल वुडबर्न फौज घेऊन आला. आपल्या अधिकाऱ्यावर गोळी झाडणाऱ्या मीर फिदा अलीला तडकाफडकी कोर्टमार्शल करून फाशी दिलं. काही बंडवाल्यांना तोफेच्या तोंडी. बंडवाला म्हणजे गुन्हेगार, मग त्याला युद्धकैद्याचे हक्क कुठले?

युद्धाचे कायदे इथेच लंगडे पडतात: समोरचा सैनिक की गुन्हेगार, हे तोफवालाच ठरवतो. 1949 च्या जिनिव्हा करारांच्या तिसऱ्या कलमाने देशांतर्गत लढाईतही शरण आलेल्याला मारायची बंदी घातली. भारताने ते करार स्वीकारले, 1960 मध्ये कायदाही केला. 1977 च्या पूरक करारांपासून मात्र लांबच राहिला.

कायदा अगदीच पोकळ आहे असंही नाही. मार्च 2023 मध्ये युद्धगुन्ह्यासाठी पुतिन यांच्यावर आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचं वॉरंट निघालं आणि त्या ऑगस्टमध्ये त्यांनी जोहान्सबर्गच्या ब्रिक्स परिषदेला जायचं टाळलं; दक्षिण आफ्रिका सदस्य देश, तिला त्यांना अटक करावी लागली असती. पुढच्या वर्षी ते मंगोलियाला गेले. तोही त्या न्यायालयाचा सदस्य देश. त्याने त्यांना अटक न करता मानवंदना दिली.